देवासच्या दोन पात्या आणि ‘ओम’चे शहाण्णव गाभे

(बी. कॉम., भाग दोन)

माळव्यात धार आणि देवास ही पवार घराण्याची दोन जुनी मराठी संस्थाने. पेशवाईत माळव्यात गेलेल्या पवारांपैकी एका शाखेने धारला गादी स्थापली, तर तुकोजी आणि जिवाजी या दोघा भावांकडे देवास आले. धारला राजा एक. देवासला मात्र दोन. तुकोजींची ती थोरली पाती आणि जिवाजींची ती धाकटी पाती. गाव एक, टेकडीवरची देवी एक; पण राजे दोन, राजवाडे दोन, दरबार दोन. रस्त्याच्या अलीकडे एकाचा अंमल, पलीकडे दुसऱ्याचा. ई. एम. फॉर्स्टर हा इंग्रज कादंबरीकार १९२१ साली थोरल्या पातीच्या महाराजांकडे खाजगी चिटणीस होता. त्याने या अजब कारभाराच्या आठवणी ‘द हिल ऑफ देवी’ या पुस्तकात लिहिल्या असून ते १९५३ साली प्रसिद्ध झाले. आपल्या भागाशीही देवासचा संबंध आहेच. थोरल्या पातीचे विक्रमसिंह महाराज १९४७ साली शहाजी महाराज या नावाने कोल्हापूरच्या गादीवर आले. पुढे १९४८ साली धार आणि देवासच्या दोन्ही पात्या मध्यभारतात विलीन झाल्या.

संगणकावर लेख लिहायला बसलेल्या वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने हा इतिहास कशाला काढला, असे वाचकांना वाटेल. कारण असे की, एका जागी एकाहून अधिक कारभारी नेमले तर काम दुप्पट होते की घोळ दुप्पट होतो, हा देवासचा प्रश्न आज संगणकाच्या प्रक्रियकापुढचा मुख्य प्रश्न आहे. पुण्याची सी-डॅक ही संस्था ‘ओम’ नावाचा जो प्रक्रियक तयार करीत आहे, त्यात कारभारी दोन नाहीत, शहाण्णव आहेत. हे प्रकरण काय आहे, ते पारिभाषिक शब्दांच्या जंगलात न शिरता सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

एक कारकून पुरेना तेव्हा

प्रक्रियक म्हणजे संगणकातील काम करणारा भाग. त्याचे काम आपल्या पेढीवरील कारकुनासारखे असते. ट्रेमधून एक व्हाउचर उचलायचे, त्यावरची सूचना वाचायची, बेरीज-वजाबाकी करायची, निकाल वहीत लिहायचा आणि पुढचे व्हाउचर घ्यायचे. हे काम घड्याळाच्या ठोक्यावर चालते. प्रक्रियकात असा कारकून एक असला तर तो एका गाभ्याचा प्रक्रियक. गाभा म्हणजेच इंग्रजीतील ‘कोअर’.

इंटेलने १९७१ साली काढलेल्या ४००४ या प्रक्रियकात सुमारे २३०० ट्रान्झिस्टर होते आणि कारकून एकच होता. पुढची तीस वर्षे या एका कारकुनाला अधिकाधिक वेगाने पळवण्यात गेली. ट्रान्झिस्टर लहान होत, त्यांना लागणारा विजेचा दाब कमी होई आणि ठोके वाढवता येत. परंतु सन २००४ च्या सुमारास ही युक्ती संपली. भाग अतिशय लहान झाल्यावर त्यांतून वीज झिरपू लागली, दाब आणखी कमी करता येईना आणि उष्णता हाताबाहेर गेली. मे २००४ मध्ये इंटेलने अधिक वेगवान एकगाभी प्रक्रियकाची आपली योजनाच रद्द केली. आयबीएमने त्याआधी, २००१ साली, पॉवर-४ या सर्व्हर प्रक्रियकात एकाच चकतीवर दोन गाभे बसवले होते. साऱ्या धंद्याने मग तोच रस्ता धरला.

यातील हिशेब आपल्या शाखेच्या कोणालाही समजेल. प्रक्रियकाला लागणारी वीज ही दाबाचा वर्ग गुणिले ठोक्यांचा वेग या प्रमाणात असते. समजा, दाब आणि वेग दोन्ही वीस टक्क्यांनी कमी केले. मग वीज लागेल ०.८ × ०.८ × ०.८, म्हणजे ०.५१२, जवळजवळ निम्मी. एका कारकुनाच्या विजेत आता दोन कारकून बसतात. प्रत्येकाचे काम ऐंशी टक्के, म्हणून दोघांचे मिळून एकशे साठ टक्के. हा कागदावरचा आदर्श हिशेब आहे, पण दिशा त्यातून कळते. एकाला धावडवून दमवण्यापेक्षा दोघांना चालत ठेवणे स्वस्त पडते.

पुण्याची पहिली शिकवण

ही गोष्ट पुण्याला लवकर कळली होती आणि ती अडचणीतून कळली होती. १९८० नंतरच्या दशकात महासंगणक म्हणजे अमेरिकेचा क्रे. हवामानाच्या अंदाजासाठी अमेरिकेने भारताला एक क्रे दिला, तोही अटी घालून. त्याहून मोठा देण्यास नकार दिला. तेव्हा १९८८ साली पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली. अकोला जिल्ह्यातील डॉ. विजय भटकर हे तिचे प्रमुख झाले. १९९१ साली ‘परम ८०००’ तयार झाला.

परममध्ये एखादा अचाट प्रक्रियक नव्हता. ब्रिटनच्या इनमॉस कंपनीचे ट्रान्सप्युटर नावाचे लहान प्रक्रियक त्यात एकमेकांना जोडलेले होते. असे २५६ जोडले की सेकंदाला सुमारे शंभर कोटी आकडेमोडी होत, म्हणजे एक गिगाफ्लॉप. जोडणी आपली, कार्यक्रम आपले, पण मूळ प्रक्रियक विकत आणलेला. ही त्रुटी पुढे बरीच वर्षे तशीच राहिली. २०१५ साली केंद्र सरकारने ४५०० कोटी रुपयांचे राष्ट्रीय महासंगणन अभियान सुरू केले. ते राबवण्याचे काम पुण्याची सी-डॅक आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था या दोघांकडे दिले. म्हणजे या अभियानाचेही, आपल्या मासिकाप्रमाणे, एक अंग मराठी मुलखात आणि एक कन्नड मुलखात आहे. २६ सप्टेंबर २०२४ रोजी पुणे, दिल्ली आणि कोलकाता येथील तीन ‘परम रुद्र’ महासंगणकांचे लोकार्पण झाले. त्यांतील ‘रुद्र’ सर्व्हर भारतात आखलेला आहे. पण त्या सर्व्हरचे काळीज, म्हणजे प्रक्रियक, अजूनही इंटेलचाच. ‘ओम’ची योजना आहे ती या जागेसाठी.

‘ओम’ आहे तरी कसा

जाहीर झालेल्या आराखड्यानुसार ‘ओम’मध्ये आर्म कंपनीच्या ‘निओव्हर्स व्ही-१’ या बनावटीचे ९६ गाभे आहेत. ठोक्यांचा मूळ वेग तीन गिगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ३०० कोटी ठोके. प्रत्येक गाभ्यात आकडेमोडीचे दोन रुंद विभाग आहेत. एक विभाग एका ठोक्यात चार मोठ्या संख्यांचा गुणाकार करून त्यात बेरीजही करतो. गुणाकार आणि बेरीज ही दोन कामे धरली, तर २ × ४ × २ अशी एका ठोक्यात सोळा कामे होतात. आता गुणाकार करा : ९६ × १६ × ३०० कोटी. उत्तर येते ४,६०,८०० कोटी. म्हणजेच सेकंदाला ४.६ लाख कोटी आकडेमोडी. तांत्रिक भाषेत ४.६ टेराफ्लॉप. १९९१ च्या परममधील २५६ प्रक्रियकांनी मिळून जे काम केले, त्याच्या चार हजार सहाशे पट काम तळहातावर मावणारा हा एक प्रक्रियक करील अशी अपेक्षा आहे.

हे ९६ गाभे एकाच सलग चकतीवर नाहीत. प्रत्येकी ४८ गाभ्यांचे दोन तुकडे शेजारी शेजारी बसवून ते एकमेकांना जोडायचे आहेत. अशा तुकड्याला चिपलेट म्हणतात. येथे तर देवासच डोळ्यांपुढे उभे राहते. एकाच गावात थोरली पाती आणि धाकटी पाती! फरक इतकाच, की येथे दोन्ही पात्या समान आहेत.

तुकडे कशासाठी? याचे उत्तर परिव्यय लेखाच्या तासाला मिळते. सिलिकॉनच्या मोठ्या चकतीवर एका वेळी अनेक प्रक्रियक छापले जातात आणि चकतीवर कुठे ना कुठे दोष राहतातच. समजा, एका चकतीवर ४० मोठे प्रक्रियक मावतात आणि २० ठिकाणी दोष आहेत. प्रत्येक दोष वेगळ्या प्रक्रियकावर पडला तर २० वाया गेले, २० उरले. आता त्याच चकतीवर अर्ध्या आकाराचे ८० तुकडे पाडा. वीस दोषांनी वीस तुकडे वाया गेले, साठ उरले. दोन-दोन जोडले की ३० प्रक्रियक झाले. चकती तीच, दोष तेवढेच, पण माल दीडपट. हे आकडे समजुतीसाठी घेतलेले आहेत. जोडणीचा खर्चही यातून वजा करावा लागतो. तरी तत्त्व खरे आहे.

दुसरी सोय स्मरणाची. कारकून कितीही चपळ असला आणि प्रत्येक वही तळघरातील दफ्तरातून आणायची असली, तर तो दिवसभर जिनाच चढत-उतरत राहील. आजच्या प्रक्रियकांचा बराच वेळ असा वाट पाहण्यात जातो. म्हणून ‘ओम’मध्ये गाभ्यांच्या अगदी शेजारी ६४ गिगाबाइटचे, मजल्यावर मजला रचलेले जलद स्मरण ठेवायचे आहे. शिवाय नेहमीचे मोठे स्मरण बाहेर असेलच. जलद स्मरण म्हणजे मेजावरची वही, बाहेरचे म्हणजे दफ्तरखाना.

छपाई तैवानच्या टीएसएमसी कंपनीत, पाच नॅनोमीटर पद्धतीने व्हायची आहे. जानेवारी २०२४ मध्ये सी-डॅकने आराखड्याच्या पुढील कामासाठी हैदराबादची मॉसचिप आणि जपानची सोशियोनेक्स्ट यांच्याशी सहकार्य जाहीर केले. प्रारंभी २०२४ ची मुदत सांगितली जात होती, ती पुढे गेली. अशा कामात आराखडा झाल्यावर तपासणी, मग नमुना छपाई, मग पुन्हा तपासणी आणि दुरुस्ती, असे टप्पे असतात. पाया चुकलेले घर पाडून पुन्हा बांधता येते, पण छापलेल्या चकतीवर खाडाखोड करता येत नाही. म्हणून कागदावरच्या तपासणीलाच सर्वांत जास्त वेळ लागतो.

एका शेताची दोन खाती

आता देवासचा मूळ प्रश्न. समजा, एका शेतकऱ्याच्या खात्याची एक नक्कल थोरल्या पातीच्या कचेरीत आणि एक धाकट्या पातीच्या कचेरीत आहे. त्याने सारा थोरल्या कचेरीत भरला. तेथील कारकुनाने आपल्या नकलेवर जमा केला. धाकट्या कचेरीतील नक्कल मात्र जुनीच. तेथील शिपाई दुसऱ्या दिवशी साऱ्यासाठी दारात उभा! बहुगाभी प्रक्रियकात अगदी हेच होऊ शकते. प्रत्येक गाभा वेगासाठी स्मरणाची छोटी नक्कल स्वतःजवळ ठेवतो. एकाने आकडा बदलला आणि दुसऱ्याला कळले नाही, तर उत्तर चुकते.

यावर उपाय म्हणजे एक शिस्त. ज्याला खात्यात बदल करायचा आहे, त्याने आधी बाकीच्यांना कळवायचे : ‘तुमच्या नकलेवर काट मारा, मी नवी लिहितो.’ दोन कारकुनांत हे सोपे आहे. शहाण्णवांत हे निरोपच इतके होतात की कामापेक्षा निरोप्यांची गर्दी वाढते. म्हणून गाभ्यांना जोडणारे आतले रस्ते कसे आखावेत, हा अशा प्रक्रियकाच्या आराखड्यातील अत्यंत कठीण भाग असतो. गाभा परवान्याने विकत घेता येतो. पण आपल्या कामाला सोयीची गावरचना आपल्यालाच करावी लागते.

शहाण्णव माणसे, पण काम किती?

कन्नड विभागातील मित्र म्हणतील, ‘ओग्गट्टिनल्लि बलविदे’, एकीत बळ आहे. खरे आहे, पण किती बळ, याचा हिशेब जीन अ‍ॅम्डाल या संगणकतज्ज्ञाने १९६७ साली मांडला. प्रत्येक कामात काही भाग वाटून करता येतो आणि काही भाग एकामागून एकच करावा लागतो. बँकेत लाखो खात्यांवर व्याज आकारायचे असेल तर खाती वाटून घेता येतात, कारण एका खात्याचे व्याज दुसऱ्यावर अवलंबून नाही. पण शेवटी सर्वांची बेरीज एकत्र करून तेरीज जुळवणे हे काम सर्व आकडे आल्याशिवाय पुरे होत नाही.

समजा, कामाचा फक्त पाच टक्के भाग वाटता येत नाही. उरलेले पंचाण्णव टक्के ९६ जणांत वाटले. तर लागणारा वेळ ०.०५ अधिक ०.९५ भागिले ९६, म्हणजे सुमारे ०.०६. वेग वाढला केवळ साडेसोळा-सतरा पट. माणसे शहाण्णव आणि लाभ सतरा पट! न वाटता येणारा भाग एक टक्क्यावर आणला तर लाभ एकोणपन्नास पटीवर जातो. म्हणजे चार टक्क्यांच्या सुधारणेने काम जवळजवळ तिप्पट वाढले. ही सुधारणा सिलिकॉनमध्ये होत नाही, कार्यक्रम लिहिणाऱ्याच्या डोक्यात होते. तो कच्चा असेल तर शहाण्णव गाभ्यांची गत ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ अशी होते.

धार-देवासला याचे काय?

महासंगणक पुण्यात असो की बंगळूरला, त्याचे गिऱ्हाईक दूरवर पसरलेले असते. धार आणि देवास हे सोयाबीन आणि गव्हाचे जिल्हे. पेरणीनंतर पाऊस कधी, हा तेथे जमाखर्चाचा पहिला प्रश्न. मे २०२५ मध्ये भारताने सहा किलोमीटरच्या चौकटीवर चालणारी नवी हवामान-अंदाज प्रणाली सुरू केली. आधीची चौकट बारा किलोमीटरची होती. बाजू निम्मी झाली की चौकटी चौपट होतात. शिवाय लहान चौकटीसाठी काळाचे टप्पेही साधारण निम्मे घ्यावे लागतात, म्हणून काम आठपट होते. ते पेलण्यासाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत ‘अर्क’ हा महासंगणक आहे. तोही परदेशी प्रक्रियकांवरच चालतो.

दुसरे गिऱ्हाईक धार जिल्ह्यातील पिथमपूर. येथे वाहनांचे कारखाने आहेत आणि २०२१ पासून ११.३ किलोमीटरचा वेगवान चाचणीमार्गही आहे. गाडी प्रत्यक्ष आदळून पाहण्याआधी ती संगणकात अनेकदा आदळून पाहणे, हे अशाच यंत्रांचे काम. धार ही भोजराजाची नगरी. त्याच्या नावावर असलेल्या ‘समरांगणसूत्रधार’ ग्रंथात यंत्रांवर एक अध्याय आहे. त्यावरून आपल्याकडे पूर्वी सर्व काही होते असे म्हणून स्वस्थ बसावे, असे मला वाटत नाही. यंत्राविषयी कुतूहल असणे ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही, एवढाच बोध त्यातून घ्यावा.

स्वदेशी किती?

येथे एक रोखठोक प्रश्न येतो. गाभ्याचा मूळ आराखडा इंग्लंडच्या आर्म कंपनीचा, छपाई तैवानची, सहकारी जपानचा. मग ‘ओम’ला स्वदेशी कसे म्हणायचे? शिवाय ९६ गाभे हा जगाचा विक्रमही नाही. एएमडीने २०२२ सालीच ९६ गाभ्यांचा सर्व्हर प्रक्रियक बाजारात आणला आणि २०२४ मध्ये १९२ गाभ्यांचा. तयार माल बाजारात मिळत असता स्वतः करण्यात पैसा का घालावा, असे कोणताही व्यापारी विचारील.

याचे उत्तर मला पुन्हा देवासमध्येच सापडते. १९२८ सालापर्यंत आपल्या नोटा इंग्लंडातून छापून येत. त्या वर्षी नाशिकला छपाई सुरू झाली. पण कागद परदेशीच. १९६८ साली होशंगाबादला, म्हणजे आजच्या नर्मदापुरमला, नोटांच्या कागदाचा कारखाना निघाला. १९७४ च्या सुमारास देवासला बँक नोट प्रेस उभी राहिली. नोटांची खास शाईही तेथे तयार होते. कागदाचा आणखी एक मोठा कारखाना म्हैसूरला निघाला, तो २०१० नंतरच्या दशकात. म्हणजे आधी छपाई, मग कागद, मग शाई, अशा पायऱ्या चढायला ऐंशीहून अधिक वर्षे लागली. नाशिकला पहिली नोट छापली तेव्हा ‘कागद विलायती आहे, मग ही नोट आपली कशी?’ म्हणून कोणी छापखाना बंद केला असता, तर पुढची पायरी आलीच नसती.

‘ओम’ ही अशीच मधली पायरी आहे. जपानने आर्मच्याच आज्ञावलीवर स्वतःचा ४८ गाभ्यांचा प्रक्रियक आखला आणि त्यावरचा ‘फुगाकू’ महासंगणक २०२० साली जगात पहिला आला. युरोपही ‘व्ही-१’ याच गाभ्यावर आपला ‘रिया’ प्रक्रियक तयार करण्याच्या उद्योगाला लागला. दुसऱ्या बाजूने, परवान्याची गरज नसलेल्या खुल्या ‘रिस्क-फाइव्ह’ आज्ञावलीवर सी-डॅकनेच ‘ध्रुव-६४’ हा दोन गाभ्यांचा, एक गिगाहर्ट्झचा प्रक्रियक डिसेंबर २०२५ मध्ये जाहीर केला. तो ‘ओम’पुढे अगदी लहान आहे, पण त्याची आज्ञावली कोणी परवाना काढून घेऊन अडवू शकत नाही. एका वाटेने ताकद, दुसऱ्या वाटेने स्वातंत्र्य, अशी ही दुहेरी चाल आहे.

वाणिज्याच्या भाषेत बोलायचे तर, स्वतः आखलेल्या पहिल्या प्रक्रियकाचा नफा त्याच्या विक्रीत दिसणार नाही. तो ताळेबंदाच्या दुसऱ्या बाजूला, शिकून तयार झालेल्या माणसांत दिसेल. ही मालमत्ता कोणत्याही वहीत लिहिली जात नाही आणि तिच्यावर घसारा चढतो तो फक्त न वापरल्याने. १९८८ नंतर पुण्यात जी माणसे तयार झाली, त्यांच्यामुळेच आज ‘ओम’चा विचार करता येतो. ‘ओम’ वेळेवर आला नाही, आला तेव्हा जगाच्या एक पाऊल मागे असला, तरी त्याच्या आराखड्यावर काम केलेले अभियंते पुढच्या प्रक्रियकाच्या वेळी शून्यापासून सुरुवात करणार नाहीत.

आपल्यापैकी फार थोडे जण प्रक्रियक आखायला जातील. पण बँका, विमा, सहकारी संस्था आणि कारखाने यांची कामे या यंत्रांवर चालवण्याची वेळ आपल्यावर नक्की येईल. कोणते काम वाटून करता येते आणि कोणते नाही, हे त्या कामाच्या जाणकाराइतके यंत्राच्या जाणकाराला ठाऊक नसते. तो पाच टक्क्यांचा भाग एक टक्क्यावर कसा आणायचा, हे सांगायला लेखापाल आणि अभियंता एका मेजावर बसावे लागतील. देवासला दोन राजे एका गावात राहिले, पण दफ्तरे दोन राहिली. शहाण्णव गाभ्यांच्या यंत्राला दफ्तर एकच लागते.